मंत्रचळावरची गोळी : पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या अर्ध्या गोळीपर्यंत

हात धुऊन झालेले डोळ्यांना दिसतात, साबणाचा वासही येत असतो, तरी नळ बंद करायला मन राजी होत नाही. ज्या घरात हे रोज घडतं तिथे ओसीडी म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. ओसीडी म्हणजे ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर: नको तो विचार पुन्हापुन्हा येतो आणि त्याच्यापायी तीच ती कृती करत राहावं लागतं. जुनी माणसं याला मंत्रचळ म्हणत. पुण्यात आम्ही काहीजण याची औषधं स्वतः घेतो, काहीजण घरच्या माणसाला देतो. पहिली चिठ्ठी हातात पडली त्या दिवशी जे कळायला हवं होतं आणि पुढे एकेक करून कळत गेलं, ते इथे लिहितो आहोत. डोस ठरवणं डॉक्टरांचंच काम. पण डोसामागचा हिशोब पेशंटला आणि घरच्यांना माहीत असेल तर औषध अर्ध्यावर सुटत नाही.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ही गोळी विचार पुसून टाकत नाही. विचार येतो, पण आधी जळवेसारखा चिकटायचा तसा चिकटत नाही. आणि हाताला लागलेली सवय, म्हणजे पुन्हा धुणं, पुन्हा कुलूप ओढून बघणं, गोळी मोडत नाही. ती आपल्याला मोडावी लागते. गोळीमुळे ते जमण्यासारखं होतं.

औषधासाठी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांकडे जावं. समुपदेशक किंवा सायकॉलॉजिस्ट औषध देऊ शकत नाहीत. खासगी दवाखाने पेठांपासून कोथरूड-औंधपर्यंत आहेत, ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. येरवड्याचं नाव काढलं की घरात सगळे गप्प होतात, पण ओपीडीत केसपेपर काढायचा, डॉक्टरांना भेटायचं आणि घरी यायचं, एवढंच असतं. आधी कुठे जावं हेच कळत नसेल तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

पहिल्या भेटीत लोक हात धुण्याचं सांगतात आणि खरं ते गिळून बसतात. देवासमोर उभं राहिल्यावर येणारे घाणेरडे विचार, सुरी हातात घेतली की आपल्याच लेकराला इजा होईल ही भीती, नको त्या माणसाबद्दलचे लैंगिक विचार, हे सगळं ओसीडीतच मोडतं आणि त्याच औषधांनी कमी होतं. डॉक्टरांनी ते शेकडो वेळा ऐकलेलं असतं. तोंडानं सांगवत नसेल तर कागदावर लिहून द्या. आणखी काही गोष्टी आवर्जून सांगायच्या. घरात कुणाला बायपोलर, म्हणजे मन कधी खूप चढणं आणि कधी खूप खचणं, असा आजार आहे का, कारण तसं असेल तर या गोळ्यांनी मन भलतंच चढणीला लागू शकतं. फिट येते का. हृदयाचा काही त्रास आहे का. मान किंवा डोळे मिचकावण्याचे झटके, म्हणजे टिक्स, कधी होते का. आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, अगदी कंबरदुखीची ट्रामाडोल आणि खोकल्याचं औषधसुद्धा.

शक्य असेल तर पहिल्याच भेटीत येल-ब्राउन मोजणी करून घ्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेली ही दहा प्रश्नांची पट्टी आहे. पाच प्रश्न विचारांबद्दल, पाच कृतींबद्दल: किती वेळ जातो, कामात किती आडवं येतं, त्रास किती होतो, तुम्ही किती विरोध करता, किती ताबा राहतो. प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४०. सोळाच्या वर मध्यम, चोविसाच्या वर तीव्र. हा आकडा नसेल तर तीन महिन्यांनी ‘काही फरक पडला का?’ या प्रश्नाला ‘तसं काही नाही’ असंच उत्तर येतं, कारण ओसीडीच्या माणसाला उरलेलं आधी दिसतं, गेलेलं दिसत नाही. शिवाय औषधाची मर्यादा याच पट्टीवर सगळ्यात स्वच्छ दिसते. समजा २८ गुण होते आणि औषधानं १८ झाले. ही ३५ टक्क्यांहून जास्त घट झाली, आणि शास्त्राच्या भाषेत हा चांगला प्रतिसाद आहे. पण १८ म्हणजे अजून मध्यम ओसीडी! रोजचा तास-दोन तास अजून त्यात जातोच. डॉक्टर खूश आणि पेशंट निराश, असं दृश्य दिसतं त्याचं कारण बहुधा हे असतं.

आता औषधं. पहिली पसंती एसएसआरआय गटाला, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांना. ओसीडीत नेहमी वापरले जाणारे डोस साधारण असे: फ्लुओक्सेटिन ४० ते ८० मिलिग्रॅम, सर्ट्रालिन १५० ते २००, फ्लुव्होक्सामिन २०० ते ३००, पॅरॉक्सेटिन ४० ते ६०, एसिटालोप्राम २० आणि क्वचित, ईसीजी बघून, त्याहून थोडं वर. नैराश्यात सर्ट्रालिन ५० वरही बरेचजण सावरतात. ओसीडीत ५० ही बहुतेकांसाठी सुरुवातच असते. ‘एवढा डोस? म्हणजे माझी केस फारच बिघडलेली दिसते,’ असं वाटून घाबरू नका. हा आजारच जास्त डोस मागतो. औषधाची निवड बहुतेक वेळा दुष्परिणाम, वय आणि इतर आजार बघून होते, कारण परिणामात ही औषधं जवळपास सारखीच आहेत.

डोस एकदम वर नेत नाहीत. सर्ट्रालिनचा प्रवास बऱ्याचदा असा असतो: पहिला आठवडा २५ किंवा ५०, तिसऱ्या आठवड्याच्या आसपास १००, मग १५०, आणि सोसत असेल तर सहाव्या आठवड्यापर्यंत २००. फ्लुओक्सेटिन सकाळी घ्यायचं, कारण ते झोप उडवतं. फ्लुव्होक्सामिननं गुंगी येते म्हणून रात्री. डोस १०० च्या वर गेला की सहसा दोन भागांत.

पहिले दहा-बारा दिवस खडतर असतात. मळमळ, पातळ शौचास होणं, डोकं दुखणं, आणि कित्येकांना आतून एक प्रकारची तळमळ, जागेवर बसवत नाही अशी. या दिवसांत ओसीडी वाढल्यासारखं वाटू शकतं. नाश्ता झाल्यावर गोळी घेतली की मळमळ बरीच आवरते. निदान पोहे-उपमा तरी पोटात असू दे, नुसत्या चहावर गोळी नको. ही लक्षणं बहुधा दोन आठवड्यांत ओसरतात. अपवाद एकच, आणि तो घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा: पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीला आणि डोस वाढवताना आत्महत्येचे विचार वाढण्याची शक्यता असते. मूल अचानक जास्त अस्वस्थ झालं, झोपेनासं झालं, तुटक बोलायला लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

दोन आठवड्यांनंतर येतो तो काळ जिथे सगळ्यात जास्त लोक औषध सोडतात. दुष्परिणाम भोगून झालेले असतात आणि गुण मात्र दिसत नसतो. ओसीडीत औषधाला पूर्ण संधी दिली असं म्हणायचं तर आठ ते बारा आठवडे लागतात, आणि त्यातले किमान चार ते सहा आठवडे सोसवेल तितक्या वरच्या डोसवर. ‘मी तीन औषधं करून पाहिली, एकाचाही उपयोग नाही,’ असं सांगणाऱ्याच्या जुन्या चिठ्ठ्या पाहाव्यात तर पहिलं औषध पाच आठवडे, दुसरं ५० मिलिग्रॅमवरच थांबलेलं आणि तिसरं मध्येच बंद केलेलं. म्हणजे पुरतं असं एकही झालेलं नसतं. जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. औषधाचं नाव, सगळ्यात वरचा डोस, त्या डोसवरचे आठवडे आणि बंद का केलं, एवढं एका वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर ही वही मेडिकल फाइलपेक्षा कामाची ठरते.

चिठ्ठीवरचं नाव नीट वाचा. आपल्याकडे एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम (मन शांत करणारं, गुंगी आणणारं औषध) एकाच गोळीत मिसळून मिळतं, सहसा १० मिलिग्रॅमला अर्धा मिलिग्रॅम. सुरुवातीच्या तळमळीसाठी थोडे दिवस क्लोनाझेपाम देणं समजू शकतं. पण ओसीडी त्यानं जात नाही, आणि महिनोन्‌महिने घेतलं तर त्याची सवय लागते. अशा जोडगोळीचा डोस वाढवला की क्लोनाझेपामही दुप्पट होतं. दिवसभर पेंग येते, मग ‘ओसीडीच्या गोळीनं झोप येते’ असं म्हणून चुकीच्या औषधावर खापर फुटतं. दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून मागता येतात. तशीच गल्लत क्लोमिप्रामिन (ओसीडीचं जुनं औषध, त्याबद्दल पुढे) आणि क्लोनाझेपाम या मिळत्याजुळत्या नावांची. सदाशिव पेठेतल्या होलसेलच्या गर्दीत असो वा जनऔषधी केंद्रात, कंपनी बदलली तरी चालेल, पण पट्टीवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषध आणि मिलिग्रॅम दुकानातच वाचून घ्यायचं.

यापुढचा मुद्दा डॉक्टरांच्या खोलीत क्वचितच निघतो. ओसीडी स्वतःच्या औषधालाही सोडत नाही. गोळी घेतली की नाही, ही शंका. मग पट्टीतल्या रिकाम्या खाचा मोजणं, पाणी पिताना गोळी नक्की घशाखाली गेली का म्हणून पुन्हा पाणी, दुकानदाराच्या हाताचा स्पर्श झाला म्हणून पट्टी सॅनिटायझरनं पुसणं. खोक्यातलं बारीक अक्षरांचं पत्रक म्हणजे तर भीतीचा खजिनाच. त्यातलं एक वाक्य रात्रभर पुरतं. यावर एक पद्धत चालते. सात खणांची डबी घरातल्या दुसऱ्या माणसानं रविवारी भरायची. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली. घेतल्यावर कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात एक खूण. शंका आली तर त्या खुणेकडे एकदाच बघायचं आणि घरच्यांना विचारायचं नाही. घरच्यांनीही ‘हो रे, घेतलीस’ असं सांगायचं नाही, कारण तो दिलासाच पुढच्या शंकेचं खत असतो. पत्रक डबी भरणाऱ्याकडे राहू दे. दुष्परिणामाचं काही विचारायचं असेल तर ते वहीत लिहायचं आणि पुढच्या भेटीत विचारायचं. रात्री मोबाईलवर शोधत बसणं हीसुद्धा एक कृतीच आहे.

एखादा दिवस चुकलाच तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत. फ्लुओक्सेटिन अंगात बरेच दिवस रेंगाळतं, त्यात एका दिवसानं काही बिघडत नाही. पॅरॉक्सेटिनला मात्र दीड-दोन दिवसांतच गरगरायला लागतं. नवरात्रात ‘उपासाला गोळी नको’ म्हणून नऊ दिवस बंद ठेवणारी मंडळी आहेत. पाचव्या दिवशी चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके सुरू होतात, आणि तो उपासाचा अशक्तपणा समजला जातो. साबुदाण्याच्या खिचडीनंतर गोळी घ्या, उपास मोडत नाही.

दुष्परिणामांपैकी जे पहिल्या पंधरवड्यात जात नाहीत त्यांच्याबद्दल. लैंगिक इच्छा कमी होणं, स्खलनाला किंवा परमोच्च क्षणाला खूप उशीर लागणं, हे बऱ्याच स्त्री-पुरुषांना होतं आणि बहुतेकांत आपोआप जात नाही. कुणी बोलत नाही. नवरा-बायकोत अबोला सुरू होतो आणि सहाव्या महिन्यात गोळ्या गुपचूप बंद होतात. डॉक्टरांना सांगितलं तर डोस थोडा कमी करणं, औषध बदलणं, जोडीला दुसरं देणं असे मार्ग असतात. घाम जास्त येतो, काहींचं वजन वाढतं. वरच्या डोसवर काहींना सगळंच सपाट वाटायला लागतं, रडू येत नाही तसं हसूही येत नाही. हेही सांगण्यासारखंच आहे. साठीच्या पुढच्यांनी सोडियम तपासून घ्यावं, कारण ते उतरलं की गोंधळल्यासारखं होतं आणि घरचे त्याला म्हातारचळ समजतात. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नेहमी घेत असाल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

फ्लुव्होक्सामिनचं एक वेगळंच आहे. ते यकृतातलं असं एक एन्झाइम अडवतं ज्यानं चहा-कॉफीतलं कॅफीन शरीराबाहेर निघतं. त्यामुळे सकाळी ऑफिसला जाताना एक, अकराला एक, चारला एक असे अमृततुल्यचे कप आधी पचायचे ते आता रात्रीपर्यंत अंगात राहतात. छाती धडधडते, झोप येत नाही, आणि दोष गोळीला मिळतो. चहा अर्ध्यावर आणून बघा. मान धरली म्हणून मेडिकलवाल्याकडून घेतलेली टिझानिडिन मात्र फ्लुव्होक्सामिनबरोबर अजिबात चालत नाही. रक्तदाब धोकादायकरीत्या खाली जातो.

इतकं सगळं नीट केलं तरी किती गुण येतो? एका औषधाला पूर्ण संधी दिली तर साधारण ४० ते ६० टक्के लोकांना चांगला प्रतिसाद मिळतो, आणि प्रतिसाद म्हणजे वर सांगितलेले २८ चे १८. पूर्ण मोकळे होणारे थोडे. साचवून ठेवण्याच्या सवयीवर, जुनी वर्तमानपत्रं, पिशव्या, डबे यांनी खोल्या भरण्यावर, औषधाचा परिणाम सगळ्यात कमी. उलट नुसत्या मनातल्या पापाच्या विचारांवर, जिथे बाहेरून काहीच दिसत नाही, तिथे चांगला उपयोग झालेला दिसतो.

म्हणून ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. ज्याची भीती वाटते ते मुद्दाम समोर आणायचं आणि त्यानंतरची कृती करायची नाही, असे हे उपचार. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांवरच्या एका चाचणीत नुसत्या क्लोमिप्रामिननं ४२ टक्क्यांना गुण आला, नुसत्या ईआरपीनं ६२, दोन्ही मिळून ७० आणि खोट्या गोळीनं ८. २०१३ साली आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. एसएसआरआय किंवा क्लोमिप्रामिन घेऊनही ज्यांचं बरंच उरलं होतं त्यांच्यातल्या काहींना जोडीला रिस्पेरिडोन हे अँटिसायकोटिक गटातलं औषध दिलं, काहींना ईआरपी. रिस्पेरिडोनवाल्यांत २३ टक्के सुधारले, ईआरपीवाल्यांत ८०. हा आकडा आमच्या मते प्रत्येक ओसीडीच्या घरात भिंतीवर लावण्यासारखा आहे.

गोळी आणि ईआरपी एकमेकांत कसे बसतात ते एका उदाहरणात दिसतं. पीएमपीच्या बसची दांडी धरायची, उतरल्यावर हात न धुता शेंगदाण्याची पुडी उघडून खायची, आणि पुढे दोन तास पाण्याला शिवायचं नाही. गोळी नसताना ज्याची घालमेल शंभरात नव्वद असते तो दांडीच धरत नाही. गोळी चालू असताना तीच साठावर येते. साठ म्हणजेही घाम फुटतो, पण उभं राहता येतं. पहिल्या दिवशी साठाचे तीस व्हायला दीड तास लागतो, आठव्या-दहाव्या दिवशी वीस मिनिटं. हे शिकणं मेंदूत राहतं. गोळी बंद झाल्यावरही राहतं. हा सराव घालमेल उतरेपर्यंत टिकवायचा असल्यानं त्याआधी क्लोनाझेपाम घेऊन जाणं म्हणजे त्यावर पाणी ओतणं.

पुण्यात सायकॉलॉजिस्ट पुष्कळ आहेत, ईआरपी मन लावून करणारे शोधावे लागतात. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा आणि फोनवरच विचारा: सत्रात भीतीची वस्तू प्रत्यक्ष समोर आणता का, रोजचा गृहपाठ देता का, घरच्यांना बोलावता का? ‘आपण विचार सकारात्मक करू’ एवढंच उत्तर आलं तर पुढचा क्रमांक फिरवा. साधारण १२ ते २० सत्रं लागतात. औषध सुरू करून दोन-अडीच महिने झाले की सुरुवात करायला चांगली वेळ असते.

पहिल्या दोन एसएसआरआयनं पुरेसं झालं नाही तर क्लोमिप्रामिन. हे साठच्या दशकातलं औषध, आणि ओसीडीवर सगळ्यात आधी कामी आलेलं हेच. २५ पासून वाढवत नेतात, २५० च्या वर जात नाहीत, कारण तिथे फिट येण्याचा धोका वाढतो. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडते, उठताना चक्कर येते. आधी ईसीजी हवा. दुसरा मार्ग म्हणजे चालू एसएसआरआयला कमी डोसात रिस्पेरिडोन किंवा अरिपिप्राझोल जोडणं. याचा उपयोग साधारण तिघांतल्या एकाला होतो, टिक्स असतील तर जास्त. चार ते सहा आठवड्यांत फरक दिसला नाही तर ते बंद करायला सांगा. वर्षानुवर्षं चिठ्ठीत तसंच पुढे सरकत राहिलं तर वजन आणि साखर वाढवून ठेवतं, आणि मुळात कशासाठी सुरू केलं होतं ते कुणालाच आठवत नाही.

बरं वाटायला लागल्यावर किती दिवस? किमान एक ते दोन वर्षं, तीही चांगल्या स्थितीत गेलेली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात क्लोमिप्रामिनवर सुधारलेल्या १८ जणांचं औषध काढून खोटी गोळी दिली, तर सात आठवड्यांत १६ जणांची लक्षणं परतली. ज्यांनी ईआरपी केलेलं असतं त्यांची शक्यता यापेक्षा बरी असते. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. दिवस राहिल्याचं कळल्यावर घाबरून एका रात्रीत बंद करणं सगळ्यात वाईट.

कमी करायचं ते जिन्यानं उतरल्यासारखं: दर एक-दोन महिन्यांनी चालू डोसाच्या १० ते २५ टक्के. २०० चे १५०, मग १२५, मग १००. खाली येऊ तशी पायरी लहान करायची, शेवटी २५ ची अर्धी, तीही काही आठवडे. सीआर किंवा एसआर लिहिलेली, म्हणजे पोटात हळूहळू सुटणारी गोळी तोडायची नाही; कॅप्सूल असेल तर कमी मिलिग्रॅमची लिहून घ्यायची. उतरताना काही झालं तर ते औषध सुटल्याचं आहे की आजार परतल्याचं, हे वेळेवरून ओळखता येतं. गरगरणं, विजेचे झटके, मळमळ हे दोन-चार दिवसांत येतं आणि बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत विरतं. आजार हळूच येतो. आधी कुलूप एकदाच जास्त ओढलं जातं, महिन्यानं नळ पाच मिनिटं जास्त चालतो. म्हणून प्रत्येक पायरीनंतर महिन्यानं येल-ब्राउनचा आकडा पुन्हा काढायचा, आणि तो पाच-सहानं चढला तर डॉक्टरांशी बोलून आधीच्या पायरीवर परत जायचं. तिथे पुन्हा गुण यायला काही आठवडे लागतात. तेवढे दिवस ईआरपीची वही काढून जुना गृहपाठ पहिल्या पानापासून सुरू करायचा.